कबुली गाळली, बकरा ठेवला

‘स्केपगोट’ या इंग्रजी शब्दाचं मराठी आपण ‘बळीचा बकरा’ असं करतो. मला ते अपुरं वाटतं, कारण मूळ विधीत हा बकरा कापला जातच नव्हता.

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचं वर्णन आहे. दोन बकरे आणून चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून धर्मगुरूने साऱ्या समाजाच्या पापांची कबुली द्यायची आणि त्याला जिवंत रानात सोडायचं. तिथल्या ‘अझाझेल’ या हिब्रू शब्दाच्या अर्थावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. १५३० साली विल्यम टिंडेल यांनी इंग्रजी भाषांतर करताना ‘निसटून जाणारा बकरा’ असा अर्थ घेतला आणि ‘एस्केप’मधला ‘स्केप’ व ‘गोट’ जोडून नवा शब्द घडवला. दुसऱ्याच्या चुकांचं खापर ज्याच्या माथी फुटतं तो, हा अर्थ १९व्या शतकात रुळला.

या प्रवासात कबुली गळाली, बकरा तेवढा राहिला. त्या विधीत पाप आपलं आहे, बकऱ्याचं नाही, हे आधी सर्वांसमक्ष मान्य करावं लागे. आज चूक मान्य न करताच बकरा शोधला जातो.

हा शब्द आपल्याला परका नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगी जमातीच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले. साथ किंवा संकट आलं की सरकार स्केपगोट शोधतं आणि या परदेशी लोकांना तसंच निवडलं गेलं असावं, अशा आशयाचं निरीक्षण त्या निकालपत्रात आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो निकाल अभिमानाने एकमेकांना पाठवला. ते योग्यच होतं.

पण मित्रांनो, हाच शब्द आपल्या मोहल्ल्यातही लावून पाहू या. तलाक झाला की दोष सुनेचा. मुलगी शाळेतून गळाली की दोष मोबाइलचा. आपली एखादी संस्था बुडाली की दोष बाहेरच्यांच्या कटाचा. काही आरोप खरेही असतील. पण आपला वाटा किती, हे आधी कोण सांगतं?

आपल्यावर लादलेलं ओझं नाकारण्याचा हक्क आपल्याला आहे. तो मागताना आपलं ओझं आपल्यातल्याच दुबळ्याच्या डोक्यावर ठेवायचं नाही, एवढं आपण पाळायला हवं.