घाटमाथ्यावरून : ज्याचा सौदा, तोच बाहेर

तुंगार्लीच्या पायथ्याशी लोणावळा स्टेशन, पुढे खंडाळा आणि खाली बोरघाट. घाटातली ही रेल्वे 21 एप्रिल 1863 रोजी सुरू झाली. त्याआधी जवळजवळ पाच वर्षं पुण्याकडची गाडी खंडाळ्याला संपायची आणि मुंबईकडची खोपोलीला. मधला घाट कापसाच्या गाठींनी बैलगाडीतून उतरायचा आणि साहेबांनी पालखीतून. 1861 साली घाटात 42 हजारांवर मजूर खपत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतली बंदरं रोखली गेली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि आपल्याकडच्या गाठींना सोन्याचा भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव गडगडले आणि मुंबईच्या पेढ्या बुडाल्या.

कापसाची ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. ते युद्ध पेटलं कशावरून हे विचारलं, की मात्र उत्तर येतं: दोन्हीकडचा हट्ट, दुसरं काय! थोडी तडजोड केली असती तर लाखो माणसं वाचली असती.

मला हे अजिबात पटत नाही. चाळीस वर्षं तिथे गुलामगिरीवरच्या तडजोडींचाच सुकाळ होता. 1820 मध्ये मिसुरी गुलामांचं राज्य, तर मेन मुक्त, आणि पुढच्या वादासाठी नकाशावर एक रेघ. 1850 मध्ये कॅलिफोर्निया मुक्त ठेवलं आणि बदल्यात दक्षिणेला कडक कायदा दिला: पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तरी धरून परत पाठवायचा, आणि वेळ पडली तर तिथल्या नागरिकांनीही त्या कामी हात लावायचा. शांततेसाठी केलेल्या या कायद्यानेच गुलामगिरी बोस्टनच्या माणसाच्या दारात आणून उभी केली. तोवर त्याला ती दूरची, दुसऱ्याची भानगड वाटत होती. 1854 मध्ये जुनी रेघ पुसून ठरलं, की कॅन्ससच्या रहिवाशांनी मतदानाने काय ते ठरवावं. ऐकायला किती लोकशाहीवादी! मतदानासाठी दोन्हीकडून माणसं आली, ती बंदुका घेऊन. 1856 मध्ये त्याच वादावरून एका खासदाराने सिनेटच्या सभागृहात गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनरला काठीने बेशुद्ध होईपर्यंत झोडपलं. विग पक्ष मोडला, डेमोक्रॅट 1860 मध्ये दुभंगले. लिंकन तेव्हा दक्षिणेतली गुलामगिरी मोडायची भाषाही करत नव्हते. ती नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही, एवढंच म्हणत होते. तेवढंही दक्षिणेला सोसलं नाही.

या सगळ्या बैठकांत एक माणूस कधीच नव्हता: ज्याचा सौदा होत होता तो. दोन्ही बाजूंना थोडंथोडं मिळायचं, आणि ते त्याच्या अंगातून कापून दिलेलं असायचं.

पुण्यात हे जोतीराव फुल्यांनी नेमकं ओळखलं. युद्ध संपल्यावर मुंबई बुडालेल्या शेअरचा हिशेब करत बसली. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. ज्यांना अर्पण केली त्यांचा देश मात्र त्या मुक्तीवर फार काळ ठाम राहिला नाही. 1877 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या वादात तिथल्या दोन्ही पक्षांनी पुन्हा हातमिळवणी केली, दक्षिणेतल्या सरकारांमागचं लष्कर काढून घेतलं गेलं आणि मुक्त झालेला काळा माणूस जुन्या मालकांच्या तावडीत सापडला.

आता आपलं मावळ. इथली आणि घाटाखालच्या खालापूर-कर्जतमधलीही कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. हंगामभर आठवड्याची खर्ची मिळते, हिशेब मालकाच्या वहीत. पावसाच्या तोंडावर उचल फिटली नाही, की पुढचा हंगामही बांधला गेला. बाजारात माणूस विकण्याशी याची बरोबरी मी करत नाही. पण कर्जापायी माणूस कामाला जखडला, की त्याला वेठबिगारीच म्हणतात. ती 1976 च्या कायद्याने बंद आहे आणि तसलं कर्ज त्याच कायद्याने रद्द ठरतं. या कायद्याला एकाही पक्षाचा विरोध नाही. त्यावरून कुणी पक्ष सोडला नाही, कुणी मित्रपक्ष रुसला नाही. इतकं एकमत, की प्रचारसभेत विषयच निघत नाही! अमेरिकेसारखं भांडण इथे पेटावं असं मी म्हणणार नाही, पण एखाद्या पुढाऱ्याने निदान आवाज चढवायला काय हरकत होती?

कायद्यात प्रत्येक जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती सांगितली आहे. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींतले तीन स्थानिक सदस्य हवेत, असंही त्यात लिहिलेलं आहे. यापुढे तुंगार्लीत मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी त्या तिघांची नावं विचारणार आहे, आणि समितीची शेवटची बैठक कधी झाली तेही.