नातवाचा मॉनिटर आणि आजोबांचे डोळे

काही महिन्यांपूर्वी एक निवृत्त ग्रंथपाल माझ्या दवाखान्यात आले. वय बहात्तर. संगणकावर वर्तमानपत्रे आणि जुनी पुस्तके वाचताना त्यांचे डोळे लवकर थकत. नोकरीसाठी परगावी गेलेल्या नातवाने आपला 27 इंची गेमिंग मॉनिटर त्यांच्यासाठी मागे ठेवला होता. "आजोबा, याचा रिफ्रेश रेट 144 आहे, डोळ्यांना त्रास होणार नाही," असे तो सांगून गेला होता. हे खरे का, एवढेच त्यांना विचारायचे होते. मुलानातवंडांनी दिलेली अशी उपकरणे आता बऱ्याच घरांत असतात. म्हणून या प्रश्नाचा विचार आज आपण करू.

रिफ्रेश रेट म्हणजे पडद्यावरील चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते, ती संख्या. साध्या मॉनिटरवर चित्र सेकंदाला 60 वेळा, म्हणजे सुमारे 17 मिलिसेकंदांनी बदलते; 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर सुमारे 7 मिलिसेकंदांनी. त्यामुळे हलणारी गोष्ट अधिक सलग दिसते. पान वरखाली सरकवताना अक्षरे कमी पुसट होतात, माउसचा बाण नजरेतून निसटत नाही. या मॉनिटरांपैकी अनेकांचा स्टँड खालीवर करता येतो. ज्येष्ठांच्या दृष्टीने ही सोय 144 या आकड्याहून मोलाची आहे.

आता उणिवा पाहू. आपण वाचतो ते पान स्थिर असते. स्थिर अक्षरे 60 हर्ट्झवर आणि 144 हर्ट्झवर सारखीच दिसतात. पूर्वीच्या जड, काचेच्या नळीच्या मॉनिटरवर रिफ्रेश रेट कमी असला की पडदा लुकलुकत असे. ती आठवण अनेकांच्या मनात आहे. आजच्या एलसीडी पडद्यामागचा प्रकाश त्या आकड्यावर अवलंबून नसतो. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी तो प्रकाश अतिवेगाने चालू-बंद करतात आणि त्याने काहींचे डोके दुखते. परंतु तो दोष वेगळा. खोक्यावर 'फ्लिकर-फ्री' लिहिले आहे का, ते पाहावे.

अक्षरांचा रेखीवपणा ठरतो तो पडद्यावरील ठिपक्यांच्या दाटीवरून. 27 इंची पडद्यावर 1920 गुणिले 1080 ठिपके असतील, तर एका इंचात सुमारे 82 ठिपके येतात; 2560 गुणिले 1440 असतील, तर सुमारे 109. पहिल्या प्रकारात देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा खरबरीत दिसतात. शिवाय खेळासाठी हे पडदे बरेचदा भडक आणि प्रखर लावलेले असतात. ती प्रखरता खोलीतील उजेडाइतकी खाली आणावी आणि अक्षरे मोठी करून घ्यावीत.

चष्म्याचाही विचार हवा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग खाली असतो. पडदा उंच असेल, तर हनुवटी वर करून वाचावे लागते आणि तासाभरात मान धरते. म्हणून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीखाली ठेवावी. पडदा साधारण हातभर दूर असतो, तर वाचनाचा चष्मा त्याहून जवळच्या अंतरासाठी असतो. नेत्रतज्ज्ञांना पडद्याचे अंतर मोजून सांगावे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात; त्यावर कोणताही रिफ्रेश रेट उपाय नव्हे. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद दूर पाहावे.

हे सारे मी त्या गृहस्थांना सविस्तर सांगितले. ते उठले आणि दाराशी जाऊन सहज म्हणाले, "डॉक्टर, हल्ली रात्री गाडीच्या दिव्यांभोवती कडी दिसतात. त्यालाही हा मॉनिटर चालेल ना?" मी त्यांना परत बसवले. डावा डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगितले. उजव्या डोळ्याला तारखांचे आकडेही दिसेनात. पुढे नेत्रतज्ज्ञांनी मोतीबिंदूचे निदान केले. पडदा बदलला की बरे वाटेल, या आशेवर त्यांनी आठ महिने काढले होते. आणि मीही आधी पडद्याविषयी बोललो, डोळ्यांविषयी नंतर. ही चूक माझी होती.

म्हणून विनंती अशी की, मॉनिटर घेण्याआधी घरातील ज्येष्ठांचा एकेक डोळा झाकून, चष्म्यासह, कॅलेंडर वाचून घ्यावे. एका डोळ्याने कमी दिसत असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. साठीनंतर वर्षातून एकदा डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासून घ्यावा, कारण काचबिंदू बहुधा न दुखता नजर खातो. अचानक अंधारी येणे, नजरेसमोर पडदा सरकल्यासारखे वाटणे, अचानक वीज चमकल्यासारखे दिसणे, डोळा लाल होऊन तीव्र दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

त्या गृहस्थांची शस्त्रक्रिया झाली आहे. नातवाचा मॉनिटर आता त्यांच्या टेबलावर आहे. उंची कमी केलेला, अक्षरे दीडपट केलेला. तो 144 वर चालतो की 60 वर, हे त्यांना ठाऊक नाही. पुस्तक मात्र ते रोज वाचतात.