आधी स्पीकर, मग वॅट

गिटारवाला पोरगा ॲम्प घ्यायला दुकानात गेला की पहिला प्रश्न विचारतो, किती वॅटचा आहे? दुसरा प्रश्न, डिस्टॉर्शन कसं आहे? हेवी रॉक वाजवायचं असेल तर ठीक. पण सर्फ संगीत वाजवायचं असेल तर हे प्रश्न उलट्या टोकाने सुरू झाले, असं माझं मत आहे. आधी स्पीकर पाहा, मग रिव्हर्ब, आणि वॅटचा आकडा त्यानंतर.

सर्फ हे १९६१ च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उभं राहिलेलं, बहुतेक शब्दांविना वाजणारं गिटारचं नाचसंगीत. माझ्या एका माजी विद्यार्थ्याला याचा शौक लागला, तेव्हा त्याच्या घरच्यांचा सूर होता, "हे अमेरिकेतल्या गोऱ्या पोरांचं, याचा आपल्याशी काय संबंध?" संबंध असल्याशिवाय ऐकू नये हा नियम मला मान्य नाहीच. पण या बाबतीत तो प्रश्नही कच्चा आहे.

ज्याला सर्फ गिटारचा बादशहा म्हणतात त्या डिक डेलचं खरं नाव रिचर्ड मन्सूर. वडील लेबनानी वंशाचे. काका ऊद वाजवायचे, आणि त्यांच्याकडूनच तो लहानपणी दरबुका शिकला. तारेवर वर-खाली विजेसारखी फिरणारी त्याची ती झपाट्याची चाल मूळची तालवाद्याची आहे, असं तोच सांगायचा. (मन्सूर नाव दिसलं म्हणून त्याला घाईने आपल्या बिरादरीत ओढू नका. अरबी घरातला प्रत्येक जण मुसलमान नसतो, हे वर्गातही मला दरवर्षी सांगावं लागतं.) १९६२ मध्ये त्याने गाजवलेली 'मिसिरलू' ही धून पूर्व भूमध्य समुद्राकडची. ग्रीकांनी ती १९२० च्या दशकातच रेकॉर्ड केली होती. मिसिरलू म्हणजे मिस्रची मुलगी. आपण उर्दूत खडीसाखरेला मिस्री म्हणतो, ती याच मिस्रची. खैर, ॲम्पकडे वळतो.

डेल जाड तारा लावायचा आणि बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये हजारो नाचणाऱ्यांसमोर वाजवायचा. त्या काळचे ॲम्प आणि स्पीकर त्याच्या हाताखाली अक्षरशः जळायचे. लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसे, तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याने मोठा ट्रान्सफॉर्मर लावून शोमन हा ॲम्प तयार केला, पण नुसत्या ताकदीने भागलं नाही, कारण स्पीकरच फाटत होते. मग जेबीएलचा १५ इंची डी-१३० आला. त्याची व्हॉइस कॉइल तब्बल ४ इंचांची, मधोमध ॲल्युमिनियमची चकचकीत टोपी. या स्पीकरची गिटारसाठीची आवृत्ती डी-१३०एफ. त्यातला एफ फेंडरचाच.

या सगळ्या खटपटीचा हेतू नीट पाहा. आवाज प्रचंड हवा, पण फाटलेला नको. मुशायऱ्यात हजार माणसं बसलेली असताना माइक खरखरला तर शेर तिथेच मेला. काफिया शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला पाहिजे. सर्फमध्ये एका सेकंदात दहा-बारा वेळा तार छेडली जाते, आणि प्रत्येक छेड सुटी ऐकू यायला हवी. ॲम्प किंवा स्पीकर फाटू लागला की त्या दहा छेडींचा एकच चिखल होतो.

आता वॅटचं गणित. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. म्हणून २२ वॅटचा डिलक्स रिव्हर्ब आणि ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब यांच्यात फरक जेमतेम ६ डेसिबलचा. उलट, एक वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबल देणारा स्पीकर काढून १०३ वाला लावला, तर तेच ६ डेसिबल ॲम्प न बदलता मिळतात. दुकानदार हा आकडा आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो. त्या शागिर्दाने शंभर वॅटसाठी वर्षभर पैसे साठवले होते. मी त्याला म्हटलं, "बेटा, निम्मे पैसे स्पीकरसाठी ठेव." तो म्हणाला, "सर, पण ट्विन दिसतो काय!" दिसतो खरा. पण वजन २९ किलोच्या आसपास, आणि त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

माझा सल्ला साधा आहे. घरी आणि छोट्या कार्यक्रमात वाजवणाऱ्याला डिलक्सच्या जातीचा ॲम्प पुरतो, फक्त त्यात जास्त संवेदनशील, जास्त वॅट सहन करणारा १२ इंची स्पीकर घालावा. निओडिमियम चुंबकाचा घेतला तर वजनही वाचतं. ड्रमसोबत मोठ्या सभागृहात वाजवायचं असेल, तर मात्र ट्विनला पर्याय नाही. १५ इंची स्पीकर बंद पेटीत बसवला की खालच्या तारांना जो भरदारपणा येतो तो अप्रतिम, पण ती पेटी रिक्षात मावत नाही. ट्यूब ॲम्प असेल तर मागे लिहिलेला ओहमचा आकडा स्पीकरशी जुळवा, आणि स्पीकर न जोडता तो कधीही चालू करू नका.

रिव्हर्बबद्दल एक गैरसमज. आपल्या कव्वाली आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचा इको वेगळा, तो शब्द परत आणून देतो. स्प्रिंग रिव्हर्बमध्ये आवाज खऱ्याखुऱ्या स्प्रिंगांमधून धावतो, आणि तार दाबून छेडली की पाण्याचा थेंब पडल्यासारखा टपटप आवाज येतो. फेंडरची रिव्हर्बची स्वतंत्र पेटी १९६१ मध्ये आली. तिला ड्वेल, मिक्सर आणि टोन असे तीन खटके, आणि ती गिटार व ॲम्पच्या मध्ये बसते. ट्विन किंवा डिलक्सच्या आतल्या रिव्हर्बला एकच खटका असतो, त्यात तो थेंब तितका टपोरा पडत नाही. म्हणून ॲम्प थोडा स्वस्तातला घ्या, पण ही पेटी किंवा तिची चांगली नक्कल करणारा पेडल घ्याच.

आणि परदेशातून कुणा नातेवाइकाकडून जुना अमेरिकन ॲम्प मागवणार असाल तर मागची पट्टी वाचा. तो ११७ किंवा १२० व्होल्टचा असतो, आपल्या भिंतीतून २३० येतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर ॲम्पच्या वॅटपेक्षा बराच मोठा घ्या. ट्विनसाठी ५०० वॅटचा असला की काळजी नाही.