सुरतेचा किरण आणि आकाशातील पाणी

बरणीतील मीठ पाझरू लागले की पाऊस जवळ आला, हे आमच्या गृहिणींस वेधशाळेवाचून कळते. परंतु ती वार्ता जमिनीलगतच्या हवेची. दोन-तीन किलोमीटर उंचीवर किती बाष्प साठले आहे, हे मिठास ठाऊक नसते.

त्याकरिता हवामान खाते पहाटे व सायंकाळी साडेपाचच्या सुमाराचे वेध घेण्यास यंत्र बांधलेले फुगे सोडते. सुरतेस जवळचे फुगे मुंबई व अहमदाबाद येथून उडतात. मधल्या तासांत वर काय घडले, ते त्यांस विचारता येत नाही.

लेसर किरणास मात्र विचारता येते. आणि मौज ही, की त्याचे भाऊबंद सुरतेतच नांदतात. हिरे कापण्यास तेथे जो निओडिमियम-याग स्फटिकाचा लेसर वापरतात, त्याच जातीचा लेसर आकाशाकडेही रोखता येतो. त्याच्या १०६४ नॅनोमीटर लांबीच्या लहरी विशिष्ट स्फटिकांतून नेऊन ३५५ वर आणतात व क्षणिक झोतांनी वर सोडतात. रेणूंवर आदळून परतणाऱ्या प्रकाशाचा अत्यल्प अंश लहरलांबी बदलून येतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यास दाखविलेले तत्त्व येथे उपयोगी पडते. नायट्रोजनाकडून तो अंश सुमारे ३८७ होऊन येतो, बाष्पाकडून ४०७. हवेत नायट्रोजनाचे प्रमाण ठरलेले असल्याने दोहोंच्या तुलनेतून बाष्प कळते. किरण एक किलोमीटर वर जाऊन परतण्यास सेकंदाचा दीडलाखावा भाग पुरतो. त्या वेळेवरून उंची निघते. परतलेल्या प्रकाशातील शेजारशेजारच्या रेषांची तेजस्विता उष्णतेनुसार बदलते, म्हणून तापमानही हाती येते.

हा निव्वळ विद्वानांचा खेळ नव्हे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीने सुरत बुडविली, तेव्हा पाणी सुरतेवर पडलेले नव्हते. ते मध्य प्रदेशात व आमच्या खानदेशात पडून उकाई धरणात आले होते. धरणाचे दरवाजे केव्हा व किती उघडावे, हे येणाऱ्या पावसाच्या अंदाजावर अवलंबून असते. म्हणून किरण रोखावयाचा तर तो, आमच्या मते, सुरतेपेक्षा जळगाव-धुळ्याकडे आधी.

या यंत्राची उणीवही सांगितली पाहिजे. दाट ढगापलीकडे त्यास दिसत नाही, आणि दिवसा सूर्यप्रकाशात त्याचा क्षीण परतावा हरवू लागतो. त्याचे खरे काम ढग दाटण्यापूर्वीच्या रात्रींचे. मुसळधार सुरू झाल्यावर पाहणे रडारकडे जाते.