झोळीपाशी बसलेली ताई

देऊळगाव राजाच्या शिवारात कापूस वेचणीचे दिवस आले म्हणजे बांधावरच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली दृष्टीस पडते. आत तान्हे मूल, आणि दोरी हाती धरून बसलेली आठ-नऊ वर्षांची त्याची ताई. मूल रडू लागले की आई वेचता वेचताच म्हणते, "रडू दे थोडं, रडल्यानं छाती भरते." या समजुतीविषयीच दोन शब्द लिहावयाचे आहेत.

नवजात अर्भकाच्या मेंदूत मज्जापेशी बहुतेक साऱ्या जन्मतःच असतात. उणीव असते ती त्यांना परस्परांशी जोडणाऱ्या दुव्यांची. हे दुवे पहिल्या दोन-तीन वर्षांत अतिशय वेगाने वाढतात. जे वापरात येतात ते दृढ होतात, पुष्कळसे इतर पुढे गळून जातात. वापर म्हणजे काय? मुलाने हुंकार द्यावा आणि कोणी त्यास उत्तर द्यावे. त्याने रडावे आणि कोणी उचलून घ्यावे. भयाची जाणीव देणारे केंद्र मेंदूत लवकर जागे होते. त्यास आवर घालणारा कपाळामागील भाग परिपक्व होण्यास मात्र वीसाहून अधिक वर्षे लागतात. तोवर हा आवर दुसऱ्याच्या मांडीवरच मिळावयाचा. रुमानियातील अनाथालयांत मुलांना अन्न मिळे, परंतु जवळ घेणारे कोणी नसे. बुखारेस्ट येथे २००० साली आरंभिलेल्या अभ्यासात असे आढळले की, त्यांपैकी जी दोन वर्षांच्या आत कुटुंबांत गेली, ती माया लावण्यात पुष्कळ सावरली.

मग आईस दोष द्यावा काय? मुळीच नव्हे. वेचणीची मजुरी वजनावर मिळते. तिचे हात थांबले तर चूल थांबेल. शिवाय झोळीपाशी ताई असतेच. ती बोलते, गाते, वेडीवाकडी तोंडे करून भावंडास हसविते. ते दुवे खरोखर तीच गुंफीत असते. शाळेच्या हजेरीपटावर मात्र तिच्या नावापुढे 'गैरहजर' एवढेच पडते!

ताराबाई मोडक यांना हीच अडचण ठाणे जिल्ह्यात भेटली. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्यासमवेत होत्या. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची त्यांनी एकत्र सांगड घातली. १९७५ पासून सरकारी अंगणवाड्या निघाल्या खऱ्या, परंतु बहुतेक ठिकाणी तान्ह्यास आहार मिळतो, दिवसभराचा सांभाळ मिळत नाही.

वेचणीच्या महिन्यांपुरती तरी गावाने एक खोली आणि एक पगारी बाई द्यावी. उत्सवाच्या मंडपास वर्गणी जमते, ती यास का जमू नये? आणि ही खोली शाळेच्या आवारातच असावी, म्हणजे मधल्या सुटीत ताईला भावंड पाहून येता येईल.