पिन ज्याचा त्याच्यापाशी

मोबाइलवरून पैसे देणे सोपे झाले की नाही, याची एकच कसोटी धरावी. ज्याचे खाते आहे त्याला आपला पिन कोणालाही न सांगता पैसे देता-घेता येतात का? ऑगस्ट 2025 मध्ये यूपीआयच्या महिन्याभरातल्या व्यवहारांनी पहिल्यांदाच 2,000 कोटींचा टप्पा ओलांडला. अभिमान वाटावा असाच हा आकडा आहे. तरीही वृद्ध, अंध, अल्पशिक्षित आणि साधा कीपॅडचा फोन वापरणाऱ्या असंख्य माणसांच्या बाबतीत ही सेवा त्या कसोटीला उतरत नाही.

आजीचा पिन नातवाला पाठ असतो, शेजारच्या मुलाला ठाऊक असतो, कधी दुकानदारालाही. 'पिन कोणाला सांगू नका' हा बँकेचा इशारा तिला वाचून दाखवायलाही नातूच लागतो. लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात, हे फार चांगले झाले. पण खाते तिचे आणि फोन चालवणारा हात दुसऱ्याचा असेल, तर त्या पैशावरचा तिचा हक्क अर्धाच राहतो. कोणाला, किती आणि कशासाठी दिले, हे घरात सर्वांना कळते. फसवणूक झाली तर 'पिन तुम्हीच सांगितलात' हे ऐकून घेण्याची वेळही तिच्यावरच येते.

सोय नाही असे नाही. इंटरनेटशिवाय चालणारी *99# ही सेवा 2014 पासून देशभर आहे, ती मराठीसह तेरा भाषांत मिळते, आणि 2022 मध्ये दूरसंचार नियामकाने तिच्यावरचे शुल्कही काढून टाकले. त्याच वर्षी 8 मार्चला रिझर्व्ह बँकेने कीपॅडच्या फोनसाठी 'यूपीआय 123पे' आणली. तिच्यात नंबर फिरवून आवाजी सूचनांप्रमाणे आकडे दाबायचे, किंवा मिस्ड कॉल देऊन परत येणाऱ्या फोनवर पिन दाबायचा, आणि पैसे जातात. मग गावात ही नावे कोणी का घेत नाही? कारण ती कोणी समजावून सांगितलेलीच नाहीत. बँकेच्या भिंतीवर क्यूआर कोडची जाहिरात असते, *99# ची क्वचितच. शिवाय *99# वर वाचायला जरा वेळ लागला की जोडणी तुटते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. सावकाश वाचणाऱ्या माणसासाठी असलेली सेवा सावकाश वाचणाऱ्यालाच बाहेर काढते, ही चूक दुरुस्त करायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. वेळ वाढवावा, पायऱ्या कमी कराव्यात.

त्याआधीची अडचण नंबरची आहे. एका घरातल्या तिघांच्या खात्यांना एकच मोबाइल नंबर जोडलेला असतो, आणि ते सिम मुलाबरोबर पुण्याला गेलेले असते. एटीएम कार्ड नसेल तर आधारच्या ओटीपीवर पिन काढता येतो खरा, पण तो ओटीपीही त्याच सिमवर जातो. ही गाठ बँकेच्या काउंटरवर, माणसाने माणसाशी बोलूनच सुटेल.

अंध व्यक्तींचा प्रश्न तर हक्काचा आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. कॅमेऱ्यापुढे पापणी मिटून दाखवल्याशिवाय केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख-पडताळणी, पुरी होत नव्हती. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन माणसांनी काय करायचे, असा तो खटला होता. पर्यायी पद्धत द्या, असा आदेश निघाला. प्रत्येक बँकेच्या ॲपमध्ये तो दिसला पाहिजे. फोन वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला ज्या बटणाचे नाव सापडत नाही, ते बटण अंध ग्राहकापुरते नसल्यासारखेच असते.

काही पावले योग्य दिशेने पडली आहेत. ऑक्टोबर 2025 पासून पिनऐवजी बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने व्यवहार करण्याची सोय आली. त्याआधी आलेल्या 'यूपीआय सर्कल'मध्ये खातेदार विश्वासातल्या माणसाला महिन्याला 15,000 रुपयांपर्यंत खर्चाची मुभा देऊ शकतो, तीही पिन न सांगता. आजीला नातवावर सोपवायचेच असेल, तर ते असे मर्यादा घालून सोपवता यावे. मात्र दोन्हींसाठी स्मार्टफोन हवा, म्हणून कीपॅडवाल्यांचा विचार बाजूला ठेवता येणार नाही. केनियात 2007 मध्ये सुरू झालेली एम-पेसा साध्या फोनवरच रुजली. तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात ओळखीचा एजंट बसलेला असतो, रोख घेतो, रोख देतो, आणि अडले तर दाखवतो.

आपल्याकडे अशी माणसे तयार आहेत. राज्याच्या 'उमेद' अभियानाच्या बँक सखी आहेत, बँक मित्र आहेत, बचत गटांच्या बैठका ठरल्या वेळी भरतातच. त्या बैठकांत *99# आणि 123पे प्रत्येकीच्या स्वतःच्या फोनवर, तिच्याच बोटांनी करून घ्यावे, आणि या शिकवण्याचा मोबदला सखीला मिळावा. खाते उघडल्याबद्दल जसे पैसे मिळतात, तसे बाईला पहिला व्यवहार स्वतः करता आल्याबद्दलही मिळावेत. त्याची तरतूद राज्य सरकार आणि बँकांनी येत्या अर्थसंकल्पाच्या आत करावी.