एका लेन्सचा पक्ष

परदेशी निघालेल्या हौशी छायाचित्रकारास मिळणारा सल्ला ठरलेला असतो : सगळे न्या, वाटेत काय दिसेल याचा नेम नाही. इमारतींसाठी वाइड अँगल, रस्त्यासाठी मधली झूम, आणि माणसांना कळू न देता त्यांचे ‘नैसर्गिक भाव’ टिपण्यासाठी ७०-२०० मिलिमीटरची टेलिफोटो. यातले शेवटचे कलम सर्वांत आक्षेपार्ह आहे. पण मुळात हा सगळा सल्लाच चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. परक्या देशात एकच स्थिर लेन्स न्यावी, ३५ किंवा ५० मिलिमीटरची.

वजनाचा मुद्दा लवकर संपवू. अनेक विमान कंपन्या हातातील सामानास ७ किलोंची मर्यादा घालतात. कॅननची ७०-२०० एफ/२.८ दीड किलोच्या आसपास भरते, ५० एफ/१.८ सुमारे १६० ग्रॅम. परंतु ओझ्यावरून तत्त्व ठरत नाही. युजीन आत्जे याने विसाव्या शतकाच्या आरंभी अवजड कॅमेरा, तिवई आणि काचेच्या प्लेटा वाहत पॅरिसच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. त्याच्या ओझ्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

खरा मुद्दा स्थानाचा आहे. कादंबरीचा निवेदक कुठे उभा आहे, त्याला किती दिसते, यावर आपण वर्गात तासन्‌तास बोलतो. छायाचित्रातही प्रश्न तोच असतो. झूम फिरवली म्हणजे आपण जवळ गेलो, हा भ्रम आहे. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्परप्रमाण आपण कुठे उभे आहोत यावरून ठरते. लेन्स केवळ त्यातला किती भाग घ्यायचा ते ठरवते. ५० ने घेतलेल्या चित्राचा मधला तुकडा मोठा केला, तर त्याच जागेवरून २०० ने घेतलेल्या चित्रातलेच प्रमाण दिसते. झूमवाला जागचा हललेला नसतो, आणि तरीही जवळिकीचा आव आणतो.

गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ आपण आजही वाचतो, याचे एक कारण त्या निवेदनाला जागा आहे, हे आहे. झाशीच्या वेढ्यात भटजी कुठे आहेत, काय पाहतात आणि कशाला घाबरतात, हे कळत राहते. त्यांना सर्वत्र असण्याची हाव नाही.

आता आक्षेप. इस्तंबूलच्या आया सोफियाचा घुमट सुमारे ५५ मीटर उंच. तो ५० मध्ये कसा मावणार? मावणार नाही. तो डोळ्यांतही एका दृष्टिक्षेपात मावत नाही. मान वर करून, फिरवून तो तुकड्यातुकड्यानेच पाहावा लागतो. वाइड अँगल हे सारे एका चौकटीत कोंबते आणि मान वळवण्याचा अनुभवच पुसून टाकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जवळ जाणे म्हणजे सभ्यताच कशावरून? क्योतोच्या गिओन भागात माइकोंच्या वाटा अडवणाऱ्या पर्यटकांमुळे २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत छायाचित्रणाला बंदी आली, २०२४ मध्ये पर्यटकांचा प्रवेशच रोखला गेला. उपद्रव जवळ जाणाऱ्यांचाच होता. हे मान्य. लहान लेन्स कोणाला सज्जन बनवत नाही. मात्र तिथल्या रहिवाशांना उपद्रवी माणूस दिसत होता, म्हणून त्यांना फलक लावता आले, नाही म्हणता आले. लांबून, नकळत टिपणाऱ्याला कोण नाही म्हणणार? टेलिफोटो समोरच्या माणसाची नकाराची संधी काढून घेते. माझा आक्षेप आहे तो याला. मसाई माराच्या सिंहासाठी ती न्यावी. सिंहाची परवानगी मागायची नसते, आणि जवळ जाणे कोणाच्याच हिताचे नाही.

भाषा येत नाही, संकोच वाटतो, हेही सांगितले जाते. मग तो संकोच चित्रात उतरू द्यावा. आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात परकाच होता. त्याने गांधीजींच्या अंत्ययात्रेची गर्दी टिपली. ५० ही लेन्स त्याने आयुष्यभर प्राधान्याने वापरली. तिने त्याचे काही अडले नाही.

तेव्हा एकच लेन्स घ्यावी (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ ची लेन्स जवळपास ५० चेच काम करते) आणि सुटेल ते सुटू द्यावे. ज्यांना हे पटत नाही, त्यांना एकच विचारायचे आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात स्नान उरकून ओले लुगडे वाळवत बसलेल्या आपल्या आजीला एखाद्या परदेशी पाहुण्याने शंभर पावलांवरून असेच टिपले, तर त्याला आपण ‘नैसर्गिक भाव’ म्हणू काय?